स्टिअरिंगचे तेल आणि घरच्या कामाचा वेळ

मोटारीच्या देखभालीत इंजिनाच्या तेलाची, ब्रेकच्या तेलाची आणि रेडिएटरमधील पाण्याची जेवढी चौकशी होते, तेवढी पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची होत नाही, कारण हे तेल जळून कमी होत नाही, ते कमी झाल्याचा दिवा बहुतेक गाड्यांत लागत नाही आणि कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत ते किती किलोमीटरनंतर बदलावे याचा उल्लेखही नसतो. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी घरची बोलेरो, सुमो किंवा तवेरा पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते, इंजिनाचे तेल तिच्यात नियमाने पडत राहते, परंतु स्टिअरिंगचे तेल मात्र पहिल्या मालकाच्या काळापासून तेच फिरत असते आणि त्याचा इतिहास आजच्या मालकाजवळ नसतो. असे तेल घराच्या अंगणात स्वतःच्या हाताने बदलणाऱ्यांच्या अनुभवाचा विचार येथे करावयाचा आहे. त्या अनुभवातून प्रकर्षाने जाणवणारी गोष्ट अशी की, या एका कामात घरच्या माणसाजवळ गॅरेजमधील मिस्त्रीला सहसा न परवडणारे एक साधन असते, आणि ते साधन म्हणजे वेळ.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडीत हे तेल आहे की नाही, हेच पाहावे लागते. चाक वळवण्याच्या श्रमाला मदत करणारी व्यवस्था दोन प्रकारची असते. एका प्रकारात ही मदत विजेची मोटार करते आणि तेथे तेलाचा संबंधच येत नाही. सुझुकी कंपनीने १९८८ मध्ये जपानमध्ये आपल्या सर्वो या छोट्या गाडीत ही पद्धत आणली आणि आज भारतातील बहुतेक लहान गाड्यांत तीच आढळते. दुसऱ्या प्रकारात दाबाखालील तेल हे काम करते, म्हणून त्याला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग म्हणतात, आणि वऱ्हाडातील खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर माणसे, खताची पोती व कापसाची गाठोडी सारख्याच सहनशीलतेने वाहणाऱ्या जड गाड्यांत मुख्यतः हाच प्रकार दिसतो. बोनेट उघडल्यावर इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला किंवा त्याच्या जवळपास, स्टिअरिंगच्या चक्राची खूण असलेल्या झाकणाची एक छोटी डबी दिसली, म्हणजे गाडी दुसऱ्या प्रकारची आहे असे समजावे.

या यंत्रणेचा जनक म्हणून अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याचे नाव घेतले जाते. पिअर्स-ॲरो कंपनीत मालमोटारींचे काम पाहताना जड गाडी वळवण्यासाठी चालकाला करावी लागणारी झटापट त्याने जवळून पाहिली होती आणि १९२६ मध्ये त्याने तेलाच्या दाबावर चालणारी आपली रचना एका गाडीत बसवून दाखवली. जनरल मोटर्सने ती घेण्याची तयारी केली, परंतु मंदीच्या वर्षांत खर्च परवडेना म्हणून माघार घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धातील चिलखती गाड्यांना तिचा उपयोग झाला आणि सामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पिरियल या गाडीतून. जड गाडी आणि वाईट रस्ता या जोडीतून जन्मलेल्या या कल्पनेला बोलेरोच्या बोनेटखाली इतका दीर्घ आसरा मिळाला, यात नवल मानण्याचे कारण नाही.

तिची रचना समजल्याखेरीज तेल बदलण्यातील एकही पथ्य नीट पाळता येत नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. त्यात बारीक सरकत्या पात्यांचे चक्र असते आणि ती पाती डबीतील तेल ओढून जाड नळीतून पुढे ढकलतात. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक झडप असते आणि तिच्या आत पीळ सहन करणारी एक बारीक पोलादी सळई असते. चालक चाक फिरवतो तेव्हा ही सळई किंचित पिळली जाते, तेवढ्या पिळाने झडपेतील वाटा उघडतात व मिटतात, आणि तेल दट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला जाऊन त्याला रेटते. काम संपलेले तेल परतीच्या नळीने पुन्हा डबीत येते. गाडी सरळ रस्त्यावर चालत असताना हा दाब अगदी थोडा असतो, परंतु उभ्या गाडीचे चाक पूर्ण वळवून धरले असता तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे शंभरपट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० किलोग्रॅमपर्यंत चढू शकतो, आणि त्या मर्यादेला पंपातील सुरक्षा-झडप उघडून तेलाला पंपाच्या आतल्या आतच फिरवते. यातील यांत्रिक जोडणी मात्र कायम राहते, त्यामुळे तेल संपले किंवा पट्टा तुटला तरी चाके वळतात, फक्त ती वळवताना खांदे भरून येतात.

तेलाला येथे दाब पोचवण्याबरोबर आणखीही कामे असतात. ते पंपाच्या पात्यांना वंगण पुरवते, उष्णता वाहून नेते आणि रबराच्या सिलांना मऊ ठेवते. ही कामे करताकरता ते म्हातारे होते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यात चिकट राळ तयार होते, नळ्यांच्या आतील रबराचे काळे कण आणि पंपातील धातूची बारीक झीज त्यात मिसळते, आणि मूळचे माणकासारखे तांबडे तेल आधी विटकरी, मग तपकिरी व शेवटी काळे पडते.

वऱ्हाडात ही प्रक्रिया वेगाने घडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण उन्हाळा हे होय; मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणे नेहमीचेच असते आणि अशा दुपारी बोनेटखालची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. दुसरे कारण येथील काळी माती होय, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून परतणारी गाडी चिखलात रुतली, की चालक चाक एका टोकापर्यंत वळवून तसेच दाबून धरतो व गाडी पुढेमागे झुलवून बाहेर काढू पाहतो. या वेळी सुरक्षा-झडप सतत उघडी राहते, तेच थोडेसे तेल पंपातल्या पंपात घुसळले जाते आणि काही सेकंदांत फार तापते. चाक टोकाला पाच सेकंदांहून अधिक धरू नये, हा नियम पुष्कळ पुस्तिकांत छापलेला असतो, पण चिकणमातीत अडकलेल्या माणसाला तो पाळता येणे कठीण. ज्या गाडीचा एक पावसाळा अशा धडपडीत गेला असेल, तिचे तेल किलोमीटरच्या हिशेबाने नवे वाटले तरी दिवाळीच्या सुमारास पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

पाहण्याची रीत सोपी आहे. झाकणाला जोडलेली पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवली असता तेलाचा थेंब पसरतो. डाग तांबूस व स्वच्छ असेल तर तेल चांगले, मध्यभागी काळे टिंब व कडेला तपकिरी वलय असेल तर ते बदलण्याजोगे, आणि जळकट वास येत असेल तर पंपाला त्रास होत असल्याचे समजावे. तेलात फेस किंवा दुधाळपणा दिसणे हे निराळे लक्षण होय. कोठून तरी हवा किंवा पाणी आत शिरत आहे असा त्याचा अर्थ होतो आणि तो दोष काढल्यावाचून नवे तेल ओतणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

कोणते तेल घालावे या प्रश्नावर बाजारात जेवढी सैल उत्तरे मिळतात, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर मिळत असतील. गाडीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले तेलच घालावे, हा एकच नियम निरपवाद आहे. पुष्कळ गाड्यांना स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी बनवलेले, डेक्स्रॉन या नावाने ओळखले जाणारे तांबडे तेल चालते. काही युरोपीय गाड्यांना हिरव्या रंगाचे कृत्रिम तेल लागते आणि होंडासारख्या कंपन्या स्वतःचे वेगळे तेल सांगतात. डेक्स्रॉन हे जनरल मोटर्सचे नाव असून त्यातील तिसऱ्या श्रेणीचे परवाने त्या कंपनीने २००६ च्या अखेरीस संपवले, म्हणून आज डब्यावर ते नाव दिसले तर त्या दर्जाची हमी डबा भरणाऱ्या कंपनीची स्वतःची असते, हे ध्यानात ठेवून नामवंत कंपनीचा सीलबंद डबा पावतीसह घेणे इष्ट. सर्वांत घातक चूक ब्रेकचे तेल ओतण्याची होय. दोन्ही डब्या बोनेटखाली जवळजवळ असतात, दोन्हींना लोक नुसते ऑइल म्हणतात, परंतु ब्रेकचे तेल ग्लायकॉलवर आधारित असते व स्टिअरिंगच्या सिलांचे रबर त्याने फुगून बिघडते; उलट स्टिअरिंगचे खनिज तेल ब्रेकच्या डबीत पडले तर ब्रेकमधील रबर फुगते आणि ब्रेकच निकामी होतात.

प्रत्यक्ष कामाला लागणारी साधने शेतकऱ्याच्या घरात बहुधा असतातच. जनावरांना औषध पाजण्याची मोठी पिचकारी आणि सलाइनच्या नळीचा हातभर तुकडा एवढ्यावर डबीतील तेल उपसता येते, मात्र ती पिचकारी नंतर जनावरांसाठी पुन्हा वापरायची नाही, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे लागते. पुसण्याच्या फडक्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. बार्शीटाकळीच्या परिसरात कापूस हाताशी असतो आणि तेल पुसायला मूठभर कापूस घेण्याचा मोह साहजिक होतो, परंतु त्याचे तंतू डबीच्या तोंडाला चिकटून आत जातात आणि तळाशी असलेल्या बारीक जाळीवर बसतात. जाळी तुंबली की पंपाला तेल कमी पडते आणि तो घूं घूं असा आवाज करू लागतो. पुष्कळ धुण्यांतून गेलेल्या जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे फडके या कामाला उत्तम, कारण त्यातील सुटे तंतू केव्हाच निघून गेलेले असतात. झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतीची काळी धूळ याच फडक्याने काढावी. ही धूळ दिसायला पिठासारखी मऊ असली तरी पंपातील पात्यांना ती सुरी लावल्यासारखी घासते.

यानंतरचे काम म्हणजे डबीतील जुने तेल पिचकारीने ओढून बाटलीत जमा करणे, तेवढेच नवे तेल नरसाळ्याने ओतणे आणि झाकण लावून गाडी चालवणे, एवढेच आहे. पण डबीत सगळे तेल नसते. संपूर्ण यंत्रणेत एक लिटर तेल असेल आणि डबीतून त्याचा तिसरा हिस्सा निघत असेल, तर पहिल्या वेळी दोनतृतीयांश जुने तेल आतच राहते व नव्याशी मिसळते. दुसऱ्या वेळी निघते ते हे मिश्रण, म्हणून जुन्याचा वाटा ४४ टक्क्यांवर येतो, तिसऱ्या वेळी ३० वर, चौथ्या वेळी २० वर आणि सहाव्या वेळी ९ वर. म्हणजे एक लिटर नव्या तेलात सत्तर टक्के काम होते, तर उरलेल्या तीसपैकी एकवीस टक्क्यांसाठी आणखी एक लिटर खर्ची पडते. गॅरेजच्या दृष्टीने ही रीत गैरसोयीची आहे, कारण प्रत्येक वेळी जुने व नवे नीट मिसळण्यासाठी गाडी काही किलोमीटर चालवावी लागते आणि गाडी दारात अडवून ठेवणे मिस्त्रीला परवडत नाही. म्हणूनच यंत्राने किंवा नळी सोडून एका बैठकीत सारे उरकण्याकडे त्याचा कल असतो.

घरच्या माणसाला हे मिसळणे वेगळे करावे लागत नाही, कारण ते त्याच्या रोजच्या फिरण्यातच घडून येते. बार्शीटाकळीहून अकोला सुमारे वीस किलोमीटर. तेथील बाजार समितीत तूर नेऊन परत येण्याएवढ्या फेरीत चाक शेकडो वेळा डावे-उजवे होते, गावातील वळणे, रेल्वेचा परिसर, अकोल्याची वाहतूक यांत झडपेच्या सर्व वाटा उघडतात-मिटतात आणि जुन्या तेलाचा कोपऱ्यात बसलेला गाळही हळूहळू डबीपर्यंत येतो. मग पुढच्या रविवारी पुन्हा उपसा करायचा. महानच्या बाजूला, काटेपूर्णा धरणाच्या रस्त्याने, अथवा पिंजरकडे नातेवाइकांकडे जाणे-येणे झाले, की तिसऱ्या उपशाची वेळ येते. असे पाच-सहा आठवडे चाललेले काम बाहेरच्याला कंटाळवाणे वाटेल, पण त्याचा एक फायदा घाईच्या कामात मिळत नाही: दर आठवड्याला बाटलीत जमणारे तेल आदल्या आठवड्याच्या तेलाशेजारी ठेवून पाहता येते. रंग क्रमाक्रमाने उजळत गेला तर सर्व ठीक असते. तिसऱ्या-चौथ्या वेळीही तो पहिल्याइतकाच काळा निघाला तर एखादी नळी आतून झडत आहे, हे गाडी बंद पडण्याच्या पुष्कळ आधी कळते. तसेच नव्या तेलातील शुद्धीकारक द्रव्ये जुना गाळ एकाएकी सुटा करून बारीक वाटांत अडकवण्याची भीतीही या संथ रीतीत कमी राहते. फार जुन्या गाडीसाठी हीच रीत श्रेयस्कर आहे, असे म्हणण्यास संकोच वाटू नये.

दुसरी रीत परतीची नळी सोडण्याची होय, आणि चुकीचे तेल आत गेले असेल किंवा तेल जळून अगदी काळे झाले असेल तर तिला पर्याय नसतो. तिच्यासाठी पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचलावी लागतात आणि काळ्या मातीच्या अंगणात हाच सर्वांत धोक्याचा भाग असतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, वरून सारवलेली व टणक दिसत असली तरी जॅकचा लहान पाया तिच्यात तिरपा रुततो; म्हणून जॅकखाली जाड लाकडी फळी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि वजन पेलायला लोखंडी घोडे, एवढी तजवीज झाल्याखेरीज कोणीही गाडीखाली हात घालू नये. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे.

परतीची नळी डबीपासून सोडून ती बाटलीत सोडायची, नळी निघाल्याने डबीला उघडे पडलेले तोंड बुचाने बंद करायचे आणि किल्ली फक्त स्टिअरिंगचे कुलूप सुटेल एवढीच फिरवायची. इंजिन सुरू करायचे नाही. मग एकाने चालकाच्या जागी बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे व दुसऱ्याने डबीवर नजर ठेवून नवे तेल ओतत राहायचे. हे काम दोघांचे आहे आणि त्या दोघांतील बोलणे फार थोड्या शब्दांत चालते. बोनेटपाशी उभा असलेला थोरला भाऊ ‘थाम रे’ म्हणाला की धाकट्याने हात जागीच रोखायचा, आणि ‘आता पलटव’ म्हणाला की उलट दिशेला वळवायचे. मधेच उत्साहाने चाक जोरात फिरवले तर डबी रिकामी होऊन नळीत हवा भरते. इंजिन चालू ठेवून हेच काम झटपट करण्याचा सल्ला काही ठिकाणी ऐकू येतो, परंतु चालू पंप डबी काही सेकंदांत कोरडी करतो आणि कोरडा पंप स्वतःलाच खाऊ लागतो, त्यामुळे घरच्या कामासाठी तो सल्ला स्वीकारण्याजोगा नाही. दीड लिटरच्या आसपास तेल गेल्यावर नळीतून स्वच्छ तांबडी धार येऊ लागते, आणि तेव्हा नळी पुन्हा बसवून तिची क्लिप आवळावी.

उरलेली हवा काढण्यासाठीही घाई चालत नाही. इंजिन बंद ठेवूनच चाक टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवावे, डबीत वर येणारे बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी, त्यानंतर इंजिन सुरू करून तेच पुन्हा करावे, पण टोकाला चाक थांबवून धरू नये. तेल फेसाळले असेल तर इंजिन बंद करून तासभर गाडी तशीच ठेवणे हाच उपाय होय. पातळी पाहताना झाकणाच्या पट्टीवर थंड व गरम तेलाच्या वेगवेगळ्या खुणा असतात, आणि उन्हाळ्यातील दुपारी सावलीत उभी असलेली गाडीही थंड म्हणण्याजोगी नसते, म्हणून वऱ्हाडात ही तपासणी पहाटे करणे बरे. भरणा जास्त झाला तर तापल्यावर तेल फुगून झाकणाच्या छिद्रातून बाहेर येते, पट्ट्यावर सांडले तर पट्टा घसरतो आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडले तर धूर होतो, क्वचित पेटही घेते.

एवढे करून चाक पूर्वीपेक्षा किती हलके होते, याबद्दल मात्र अतिशयोक्ती टाळली पाहिजे. तेल केवळ जुने झाले असेल तर फरक सूक्ष्म असतो; सकाळी पहिल्यांदा गाडी वळवताना येणारा पंपाचा रडका आवाज कमी होतो आणि उभ्या गाडीत चाक फिरवताना मधेमधे जाणवणारा अडखळा जातो. चाक खरोखरच जड असेल तर कारण बहुधा अन्यत्र असते: पुढच्या टायरांत हवा कमी, सैल पट्टा, गंजलेले सांधे किंवा झिजलेला पंप. सील गळत असेल तर नवे तेल त्याच वाटेने गळेल, आणि गळती थांबवण्याच्या नावाने विकली जाणारी औषधे रबर फुगवून काही महिने काढतात, दुरुस्ती करीत नाहीत. अशा वेळी अनुभवी मिस्त्रीकडे जाणेच उचित. घरी केलेल्या कामातून त्याला सांगण्यासारखी नेमकी माहिती हाती आलेली असते, आणि ‘स्टिअरिंग जड झालं’ एवढ्याच तक्रारीपेक्षा ती त्याला अधिक उपयोगी पडते.

बाटल्यांत साठलेल्या जुन्या तेलाचा प्रश्न शेवटी उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. एरंडेलात भिजवलेल्या चिंध्यांचे ओंगण बंडीच्या कण्याला घालणाऱ्या पिढीला उरलेले वंगण मातीत गेल्याची चिंता करण्याचे कारण नव्हते, कारण ते झाडाच्या बियांचेच तेल होते. आजचे तेल खनिज असून त्यात रबराचे व धातूचे कण असतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी तेल-उत्पादकांवरही आली आहे. तरीही गावात असे तेल सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला चोपडले जाते, आणि उरलेले नालीत ओतले जाते. बार्शीटाकळीची नाली अखेर विद्रुपा नदीकडेच जाते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये हे तेल साठवावे, त्यात ब्रेकचे तेल किंवा पाणी मिसळू देऊ नये, कारण मिश्र तेल पुनर्प्रक्रियेला कोणी घेत नाही, आणि अकोल्याच्या पुढच्या फेरीत ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या तेलाचा ड्रम ठेवलेला असतो व तो नोंदणीकृत खरेदीदार उचलतो, तेथे विचारून तो कॅन रिकामा करावा.